नांगर खोल घालायचा, की घालायचाच नाही?

राजापूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र चांगलं चार पानी आहे, त्यातला मुद्द्याचा भाग देतो:

"मळ्यात आमचं दीड एकर भात आहे, वर थोडी वरकस (उताराची हलकी जमीन). बैल होते तोवर लाकडी नांगरावर भागायचं. मग बैल विकले. गेल्या वर्षी मे महिन्यात ट्रॅक्टरवाल्याला बोलावून पलटी नांगरानं खोल नांगरट केली. शेत इतकं स्वच्छ राहिलं की बेणणी (खुरपणी) एका फेरीत आटपली. म्हणून यंदाही तशीच नांगरट करून घेतली, तीही जास्त पैसे मोजून. आणि यंदा पाखडानं (भातासारख्या दिसणाऱ्या गवती तणानं) भात दिसेनासा झाला. मेरेच्या (बांधाच्या) कडेनं माका आणि ओसाडी ही तणं वेगळीच. दोनदा बेणलं, मजुरीत सगळं गेलं. सासूबाई म्हणतात, राब (रोपं करायची जागा) नीट भाजला नाही म्हणून रान माजलं. मिस्टर म्हणतात, पुढच्या वर्षी औषध मारू, कटकट नको. मुलगा मुंबईत असतो, तो व्हिडिओ पाठवतो की शेत नांगरूच नका. मला एवढंच कळत नाही, तणाचं बी वीतभर खाली गाडलं तर ते कुजायला हवं ना? मग एवढं आलं कुठून?"

ताई, ते खालूनच आलं. गेल्या वर्षी जे गाडलंत, तेच यंदा वर आणलंत.

बैलांचा लाकडी नांगर चार-पाच इंच माती फोडतो, पण ती उलटवत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं पडलेलं तणाचं बी तुमच्या शेतात वरच्या थरातच साठलेलं होतं. गेल्या मे महिन्यात पलटी नांगर आला, त्यानं तो सगळा थर आठ-नऊ इंच खाली नेला आणि खालची माती वर आणली. त्या मातीपर्यंत पूर्वी फाळ कधी पोचलाच नव्हता, म्हणून तिच्यात बी जवळजवळ नव्हतं. शेत स्वच्छ राहिलं ते त्यामुळे. यंदा तोच नांगर पुन्हा फिरला आणि खाली ठेवलेली रास परत वर आली. बारा महिन्यांत त्यातलं काही मेलं असेल, पण बरंचसं जिवंत होतं. शिवाय गेल्या पावसाळ्यात जी थोडी पाखडाची रोपं तुमच्या नजरेतून सुटली, ती बी टाकून मोकळी झाली असणार. पाखडाचं एक चांगलं पोसलेलं रोप काही हजार बी टाकतं, तेव्हा "थोडी रोपं" हा हिशेब तणाच्या बाबतीत फसवा असतो.

गाडलेलं बी कुजतं, हा समज फार जुना आहे आणि तो पूर्ण खोटाही नाही. मऊ सालीचं, ताजं, ओलं बी कुजतं. पण तणाचं बी आपल्या पेरणीच्या बियाण्यासारखं नसतं. भाताचं बी आपण पिढ्यान्‌पिढ्या निवडत आलो ते अशासाठी की टाकलं की चार दिवसांत सगळं एकदम उगवावं. तणाला कोणी निवडलेलं नाही. त्याच्या एका रोपाचं बीसुद्धा एकदम उगवत नाही. थोडं यंदा, थोडं पुढल्या साली, थोडं त्याहून पुढे. जमिनीत खोल गेलं की तिथे अंधार असतो, दिवस-रात्रीच्या तापमानात फरक नसतो, हवा कमी असते. या तिन्ही खुणांवरून बी ओळखतं की आपण खोल आहोत आणि आता उगवलो तर वर पोचणार नाही. मग ते उगवत नाही, थांबतं. खोल गाडलेलं बी म्हणजे तणाची मुदत ठेव. ती मोडायला आपणच नांगर घेऊन जातो.

किती थांबतं, याचं एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ मध्ये २० बाटल्या जमिनीत पुरल्या. प्रत्येक बाटलीत वाळूत मिसळलेलं वीसेक जातींच्या तणांचं प्रत्येकी ५० बी होतं. बाटल्यांची तोंडं खाली ठेवली, म्हणजे आत पाणी साचू नये. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून पेरून बघायचं, असा बेत. बील गेले, त्यांच्यामागून आलेल्यांनी काम चालू ठेवलं. २०२१ मध्ये जी बाटली काढली तिच्यातलं बी १४२ वर्षांनंतर उगवलं. अर्थात सगळं नाही. बहुतेक जाती पहिल्या काही दशकांतच संपल्या होत्या, टिकलं ते मुख्यतः एकाच जातीचं बी. शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे.

हे वाचून घाबरू नका. मिशिगनच्या थंड जमिनीतली बाटलीबंद वाळू आणि आपली जांभ्याची, तीन हजार मिलिमीटर पाऊस पिणारी माती यांत फरक आहे. आपल्याकडे बुरशी, किडे, ऊब, सगळंच जास्त, म्हणून बी लवकर संपतं. पाखडासारख्या गवतवर्गीय तणाचं बी नवीन भर पडली नाही तर काही वर्षांत बरंच ओसरतं. ओसाडीचं बी त्याहूनही लवकर जातं. पण टाकळ्याचं बी बघा. श्रावणाआधी ज्याची कोवळी भाजी आपण आवडीनं खातो, त्या टाकळ्याच्या बियांची साल इतकी कडक असते की पाणीच आत शिरत नाही. असं बी वर्षानुवर्षं टिकतं. तेव्हा "तण" असा एकच शत्रू समजून एकच उपाय केला की गफलत होते.

आता गंमत अशी की खोल गेलेलं बी टिकतं आणि वर उघड्यावर पडलेलं बी मरतं. आपल्याला मात्र ते वर दिसतं म्हणून भीती वाटते. कापणी झाल्यावर रिकाम्या शेतात जरा बसून बघा. होले, मनोल्या आणि चिमण्या दिवसभर काय टिपत असतात? मुंग्यांची रांग तोंडात काय घेऊन चालली आहे? उंदीर रात्री काय कुरतडतात? सांडलेलं भात तर खातातच, पण तणाचं बीही खातात. वर ऊन, दव आणि बुरशी आहे. वरच्या बियांचं सगळ्यात मोठं नुकसान कापणी ते पहिला पाऊस या सहा-सात महिन्यांत फुकटात होतं. अट एकच, ते वर राहायला हवं. कापणी झाली रे झाली की नांगर घालणारा शेतकरी या सगळ्या फुकट मजुरांना घरी पाठवतो.

म्हणून पहिला सल्ला हा, आणि तो आत्ताचा आहे, कारण तुमच्याकडे कापणी आता तोंडावर आली असेल. भातावर डोकं काढून उभी असलेली पाखडाची कणसं कापणीआधी खुडून घ्या. बरीचशी झडून गेली असतील, ती गेली. उरलेली तरी खुडा. ती मेरेवर टाकू नका, आणि पिकलेली असतील तर गुरांनाही घालू नका. गुरांच्या पोटातून बरंच बी जिवंत बाहेर येतं आणि शेणातून गायरीत (शेणखताच्या ढिगात) आणि गायरीतून परत शेतात जातं. सरळ जाळून टाका. कापणीनंतर शेत तसंच राहू द्या. कुळीथ किंवा वाल घ्यायचा असेल तर ओल आहे तोवर धसकटांच्या मधून टोकून घ्या. अगदी नांगर घालायचाच असला तर वरवर घाला, दोन-तीन इंचांच्या खाली नको.

आणि येत्या मे महिन्यात ट्रॅक्टरवाल्याला बोलावू नका. यंदा वर आलेलं बी वरच संपवायचं आहे. ते पुन्हा खाली नेलं तर तिसऱ्या वर्षी तेच पत्र तुम्ही मला लिहाल.

संपवायचं कसं, ते सांगतो. पाखडाचं बी बारीक असतं. त्याच्या पोटात शिदोरी थोडी, त्यामुळे वरच्या इंचभरातलं बीच प्रामुख्यानं उगवतं आणि अडीच-तीन इंचांखालचं क्वचितच वर पोचतं. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. पुढच्या जूनमध्ये पाखडाची दोन पानांची रोपं ओल्या मातीतून अलगद, मुळासकट उपटा. मुळापाशी बियांचं रिकामं टरफल अजून चिकटलेलं दिसेल. तिथपासून मातीच्या वरच्या पातळीपर्यंत दांड्याचा पांढरा, कोवळा भाग असतो, कारण त्याला ऊन लागलेलं नसतं. तो भाग जितका लांब, तितक्या खोलून ते रोप आलं. दहा-पंधरा रोपं अशी उपटून पाहिलीत की बहुतेकांचा पांढरा भाग नखाएवढा निघेल. म्हणजे तुमचं खरं भांडण इंचभर मातीशी आहे, वीतभर मातीशी नाही.

या इंचभर मातीतलं बी उगवायला लावायचं आणि उगवलं की मारायचं, एवढंच करायचं आहे. आणि यासाठी नवीन काही शिकायची गरज नाही. आपल्याकडे पूर्वी पहिला पाऊस पडला की उखळ (पहिली नांगरट) घालायचे, मग आठ-पंधरा दिवस शेत तसंच सोडायचे, मग बेर (दुसरी नांगरट) घालायचे, मग चिखलणी आणि लावणी. गावोगावी नावं थोडी वेगळी असतील, क्रम हाच. मधल्या त्या आठ-पंधरा दिवसांत शेत हिरवंगार व्हायचं आणि बेरेनं ते सगळं मरायचं. उरलंसुरलं चिखलणीत जायचं. म्हणजे लावणीच्या आधीच तणाचे दोन पूर उतरून जायचे. म्हातारी माणसं याचं कारण कदाचित "जमीन मऊ होते" असं सांगतील. तेही खरं, पण तणाच्या दृष्टीनं मधली मोकळी सोडलेली सुट्टीच महत्त्वाची होती.

आता काय होतं? पॉवर टिलरवाल्याकडे पंधरा घरांचे नंबर लागलेले. तो जूनअखेरीस एकदाच येतो, सकाळी उखळ, दुपारी चिखल, दुसऱ्या दिवशी लावणी. वेळ वाचला, डिझेल वाचलं, पण उखळीनं जागं झालेलं बी लावणीनंतर भाताबरोबरच उगवलं. त्याला मारायला कोणी उरलं नाही, तुमच्या बेणणीच्या बायकांशिवाय. यंत्रावर माझा राग नाही. त्याच टिलरवाल्याला दोन फेऱ्यांत बोलवा. पहिली फेरी पहिल्या चांगल्या पावसानंतर, वरवर, दोन-तीन इंच. मग दहा-बारा दिवस थांबा, तेवढ्यात तुमचा तरवाही (लावणीची रोपं) वाढतो आहेच. नंतर दुसरी फेरी चिखलणीची. पहिल्या फेरीचे पैसे जास्त जातील, पण ते बेणणीच्या मजुरीतून वाचतात की नाही, हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करू शकाल.

नांगरानं बी जागं होतं ते कशानं, यावर एक छोटी गोष्ट. कितीतरी तणांच्या बियांना उजेडाचा एक क्षणभर स्पर्श पुरतो. माती उलटताना बी सेकंदाच्या काही भागापुरतं उजेडात आलं आणि पुन्हा झाकलं गेलं, तरी त्याला इशारा मिळतो. परदेशात यासाठी रात्रीच्या अंधारात नांगरून पाहायचे प्रयोग झाले. काही ठिकाणी तण कमी आलं, काही ठिकाणी फरक पडला नाही. आपल्याकडे भर जूनच्या पावसात, रात्री, विंचूकाट्यात नांगर धरा असं मी कोणाला सांगणार नाही.

चिखलणीनंतर तुमच्या हातातलं सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे पाणी. शेतात दोन इंच पाणी उभं असेल तर पाखडाच्या बियांना हवा कमी मिळते आणि ती फारशी उगवून वर येत नाहीत. पुढच्या वर्षी एक बघा. कुणग्यात (भाताच्या वाफ्यात) पाखड कुठे दाटलं आहे? बहुतेक उंचवट्यावर आणि मेरेच्या कडेला, जिथे पाणी ठरत नाही. म्हणजे फळी मारून शेत सपाट करणं ही बेणणीच आहे, फक्त आधी केलेली. कोकणात पाऊस भरपूर, तरी पाणी शेतात का राहत नाही, तर जांभ्याची माती गळकी आणि मेरेला खेकड्यांची बिळं. उघडीप पडली की चार दिवसांत शेत कोरडं. लावणीच्या आधी मेर लिंपून, बिळं बुजवून घ्या. लावणीनंतर पहिले आठ-दहा दिवस पाणी कमीच ठेवा, रोप मुळं धरू दे, मग दोन इंचांवर न्या. पाण्यातच उगवणारी काही तणं आहेत, ती यानं जाणार नाहीत, पण ती पाखडासारखी भाताला गिळत नाहीत आणि हातानं पटकन निघतात.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते त्यांना तसंच सांगा, म्हणजे घरात शांतता राहील. तरव्याच्या जागेवर कवळं (झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या), पातेरा, शेण पसरून राब भाजला की वरच्या इंचभर मातीतलं बरंच बी मरतं. त्याखाली धग फारशी पोचत नाही, माती उष्णता खाली जाऊ देत नाही. पण वर सांगितलं तसं, उगवणारं बी त्या इंचभरातच असतं, म्हणून राबाचा तरवा स्वच्छ येतो. हे पूर्वजांनी बरोबर हेरलं होतं. मात्र राब भाजतो आपण सहा गुंठ्यांत, पाखड आलं साठ गुंठ्यांत. तेव्हा मळ्यातल्या रानाचा दोष राबावर घालता येत नाही. एका गोष्टीत मात्र सासूबाईंचा मुद्दा लागू पडतो. तरव्यात पाखड असलं तर ते मुठीमुठीनं भाताबरोबर उपटलं जातं आणि आपण स्वतःच्या हातानं ओळीत लावतो. लहानपणी दोघं हुबेहूब दिसतात. ओळखायची खूण अशी: पान खोडापासून अलगद मागे ओढून जोडापाशी बघा. भाताला तिथे पातळ, पांढुरकी जिभली असते आणि बाजूला बारीक केसाळ कानं असतात. पाखडाला तिथे काहीच नसतं, गुळगुळीत. तरवा काढणाऱ्या बायकांना एकदा दाखवा, त्यांची नजर एका सकाळीत तयार होते.

राबासाठी दरवर्षी ऐन-किंजळीची झाडं बोडकी करणं मला पटत नाही, आणि जळून जाणारं शेण तर खतच आहे. पाण्याची सोय असेल तर एप्रिल-मेमध्ये तरव्याची जागा सपाट करून, भिजवून, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरा. कडा मातीनं दाबा आणि चार ते सहा आठवडे ठेवा. ओल्या मातीत उन्हाची धग कोरड्या मातीपेक्षा जास्त मारते, म्हणून आधी भिजवणं महत्त्वाचं. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तितकी तापत नाही. नंतर ती जागा खोल खणू नका, नाहीतर खालचं न तापलेलं बी वर येईल. सहा गुंठ्यांना हे परवडत नसेल तर अर्ध्यात करा आणि उरलेल्या अर्ध्यात सासूबाईंचा राब. दोन्हीकडच्या तरव्याची तुलना त्याच करतील.

बियाण्याकडेही लक्ष द्या. घरचं भात पेरत असाल तर तणाचं बी आपणच मुठीनं पेरतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं टाका. पोचट दाणे आणि बरंचसं हलकं तणाचं बी वर तरंगतं, ते काढून टाका. खाली बसलेलं भात दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवा.

मुलगा म्हणतो ते खूळ नाही. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ज्या पद्धतीचा प्रसार केला, जिला सगळे एसआरटी म्हणतात, तिच्यात गादीवाफे एकदाच करतात. नंतर नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. बी टोकायचं आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची. बियांच्या हिशेबानं बघितलं तर यात तर्क पक्का आहे. नांगर नाही म्हणजे खालचं बी खालीच राहतं, नवीन पडलेलं वर राहतं आणि पक्षी-मुंग्यांच्या तोंडी जातं. काही वर्षांत वरचा थर हलका होतो. गांडुळं वाढतात, मजूर कमी लागतात. पण दोन गोष्टी व्हिडिओत पटकन सांगत नाहीत. एक, उभं पाणी नाही म्हणजे तुमचं फुकटचं तणनाशक गेलं. त्यामुळे पहिल्या दोन-तीन हंगामांत तण जोरात येतं आणि बहुतेकांना रासायनिक तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते. दोन, हरळी आणि लव्हाळ्यासारखी मुळांतून-कंदांतून वाढणारी तणं नांगर थांबला की सुखावतात. शिवाय तुमच्या वरच्या थरात यंदा पाखडाचं बी भरलेलं आहे. अशा शेतात एकदम एसआरटी सुरू करणं म्हणजे सगळ्यात कठीण वर्षी परीक्षेला बसणं. मुलाला सांगा, एक कुणगा तुझा, जिथे यंदा तण कमी होतं तो. बाकीचा पुढे बघू. आणि तणनाशकाच्या फेऱ्यांना त्यानं शनिवार-रविवारी गावी यावं.

मिस्टरांच्या औषधाबद्दल. लावणीनंतर तीन ते पाच दिवसांत, शेतात पातळ पाणी असताना वापरायची ब्युटाक्लोर, प्रेटिलाक्लोरसारखी तणनाशकं नुकतं अंकुरणारं बी मारतात. मजूर मिळत नसेल तर एखाद्या वर्षी ती वापरण्यात पाप नाही. प्रमाण लेबलवर असतं, सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) विचारा, दुकानदाराला विचारू नका. पण हे समजून घ्या की खाली थांबलेल्या बियांना ती शिवतही नाहीत. दरवर्षी एकच औषध मारलं की त्यातून वाचलेल्यांचीच पिढी वाढते. जगभरच्या भातशेतीत सावा-पाखडाच्या अशा औषधाला न जुमानणाऱ्या पिढ्या सापडल्या आहेत. शिवाय तुमच्या शेतातलं पाणी खालच्या वहाळात जातं आणि त्या वहाळात चढणीचे मासे येतात. ग्लायफोसेटचा विचार असेल तर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आणले आहेत, ते आधी वाचा.

आता प्रश्न राहतो, पुन्हा कधी खोल नांगरायचं की कायमचं सोडायचं. हे मी इथे बसून सांगू शकत नाही, तुमची माती सांगेल. बंदरावरून किंवा बाजारातून माशांची थर्माकोलची जुनी खोकी चार आणा. त्यांच्या तळाला भोकं पाडा, नीट धुवा. मे महिन्यात कुणग्यात तिरकं-आडवं फिरत पंधरा-वीस ठिकाणांहून माती घ्या. वरची दोन इंच वेगळी, सहा ते आठ इंचांवरची वेगळी. दोन्ही वेगवेगळ्या कालवा, ढेकळं फोडा, दगड काढा. दोन खोक्यांत वरची आणि दोनांत खालची माती इंचभर जाडीनं पसरा आणि खोक्यांवर मार्करनं लिहून ठेवा, नाहीतर आठ दिवसांनी कोणालाच आठवत नाही. पडवीत, पक्षी-कोंबड्या पोचणार नाहीत अशा उजेडाच्या जागी ठेवा आणि रोज ओल राखा. रोपं उगवतील तशी मोजून उपटत जा, पाखडाची वेगळी, बाकीची वेगळी. पंधरा-वीस दिवसांनी उगवणं थांबलं की माती हातानं ढवळून पुन्हा ओली करा, आणखी एक लोट येईल. घरात एखादं पोर असेल तर मोजायचं काम त्याला द्या, मन लावून करतात.

यंदा वरच्या खोक्यात गर्दी होईल, खालच्यात कमी. ते अपेक्षितच आहे, पण तुमच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. दरवर्षी मे महिन्यात हेच करत राहा. वरच्या मातीतली रोपं कमी होत गेली तर जे चाललं आहे ते बरोबर चाललं आहे, नांगराचं नाव काढू नका. चार-पाच वर्षांनी खालची माती जवळजवळ रिकामी निघाली आणि तोवर काही कारणानं वर पुन्हा तण माजलं, एखाद्या वर्षी आजारपणात बेणणी राहून गेली समजा, तर त्या एका वर्षी पलटी नांगर खुशाल घाला. त्यानंतर पुन्हा चार-पाच वर्षं नाही. खोल नांगरट वाईट नसते. लागोपाठ दोन वर्षं केलेली वाईट.

वरकसाला हे गणित लागू नाही. तिथे उतार आहे, खोल नांगरलं की माती खाली वहाळात जाते, बियांचा विचार नंतर. नाचणीच्या तुकड्यात रानमोडी आणि ओसाडी वाऱ्यानं शेजारच्या पडीक जमिनीतून येतात, ती फुलायच्या आधी कापणं हाच मार्ग. शेजारचे मुंबईला असतील तर त्यांच्या बांधाची दहा हात पट्टीही फोन करून, विचारून कापून घ्या. दरवर्षी बी झेलत बसण्यापेक्षा ते सोपं. मेरेवरचं गवतही भाद्रपद उजाडेपर्यंत ठेवू नका.

लव्हाळ्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण मळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तो असणारच. तो बियांवर जगत नाही, जमिनीतल्या काळ्या गाठींवर जगतो. त्याला मात्र उलटं वागवायचं. फक्त तेवढ्याच तुकड्यात एप्रिलमध्ये खणून गाठी वर आणा आणि कडक उन्हात पंधरा दिवस वाळू द्या. मधे वळीव पडला तर पुन्हा उलटा. टिलर तिथून थेट दुसऱ्या कुणग्यात नेऊ नका, गाठी दातांना अडकून जातात. खरं तर टिलर दुसऱ्याच्या शेतातून तुमच्याकडे येतो तेव्हाही मेरेवर थांबवून बादलीभर पाण्यानं त्याचे दात आणि चाकं धुऊन घ्या. टिलरवाला कुरकुरेल, त्याला चहा द्या.

गायरीतलं खत मे महिन्यात घालता तेव्हा ढीग उकरून बघा. आत हात घालवत नाही इतका गरम झालेला होता का? तसा झाला असेल तर मधलं बी मेलं. कडेचं आणि वरचं मात्र जिवंत असतं, म्हणून दिवाळीनंतर एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा ढीग असा फिरवा की बाहेरचं आत जाईल. कोरडा पडला असेल तर पाणी शिंपडा, कोरडा ढीग तापत नाही.

खोक्यांतले आकडे आले की कळवा. कुणग्यांची नावं आणि कुठला कुणगा खालच्या अंगाला आहे तेही लिहा, पुराचं पाणी, आणि त्याबरोबर तणाचं बी, कुठून शिरतं ते त्याशिवाय कळणार नाही.